रेडिओ स्टेशनसाठी तालुक्यातून बांधून घेतलेला लॉगर (जे हवेत जातं ते सगळं रेकॉर्ड करणारी मशीन), १४ महिने वापरून सांगतो

आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, यवतमाळ जिल्ह्यात, एका संस्थेचं, आम्ही पाचसहा जण मिळून चालवतो. परवानगीच्या अटी बहुतेक सगळ्यांना पाठ असतात, बातम्या आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा नाहीतर इथल्या भाषेत भाषांतर करून, जाहिराती तासाला १२ मिनिटं (२०२४ च्या आधी ७ च होत्या), निम्मे तरी कार्यक्रम इथल्या लोकांना घेऊन इथंच केलेले. पण जे हवेत गेलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने सांभाळायचं, ह्या अटीकडं कोणी नीट पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

२०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार गेले, ते कोणी विसरलं नाही, म्हणून पावसाळा लागला की आम्ही फवारणीवर कार्यक्रम करतोच. दोन वर्षांआधी अशाच एका भागानंतर एक कृषी केंद्रवाले स्टेशनवर आले, म्हणे तुम्ही माझ्या दुकानाचं नाव घेऊन बदनामी केली, मी वर तक्रार करतो. आम्ही म्हटलं रेकॉर्डिंग ऐकवतो, आणि रेकॉर्डिंगची मशीन उघडली तर त्या आठवड्याच्या सगळ्या फाईलींवर जानेवारी २००९! लाईन जाऊन जाऊन आतलं घड्याळ मागं गेलेलं. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही तिघं एकेक फाईल ऐकत बसलो तेव्हा तो भाग सापडला. दुकानाचं नाव कुठंच नव्हतं, त्या भागात बोलणारे सर एवढंच बोलले होते की पक्कं बिल घ्या आणि डब्यावरचं लेबल वाचा. दुकानवाल्यांनी ऐकलं, त्यांचं समाधान झालं. पण तारीख चुकलेलं रेकॉर्डिंग आपण कोणत्या तोंडानं पुरावा म्हणून देणार होतो, ह्याची धास्ती मनातून जाईना.

मग तालुक्याच्या बाजारात कम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे तिथं गेलो. पोरानं जुनी मशीन खोलली, मदरबोर्डवरचा तो बटणाएवढा गोल सेल काढून हातात दिला, "भाऊ, हा सेल मेला, म्हणून तारीख मांगं जाऊन राहिली." ३०-४० रुपयांचा सेल! ती मशीन आम्हाला बाहेरच्या एका व्हेंडरनं चांगले पैसे घेऊन दिली होती आणि सेलबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

नवीन लॉगर ह्या पोरानं १८,५०० त बांधून दिला. सेकंडहँड पीसी, नवीन ५०० जीबीची डिस्क, छोटा यूपीएस, आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे एक साधा एफएम रेडिओ, त्याच्या हेडफोनच्या होलातून वायर थेट पीसीत. आधी आम्ही स्टुडिओतल्या आवाजाच्या मिक्सरमधून रेकॉर्ड करायचो, तेव्हा ट्रान्समीटर बंद पडला तरी फाईल छान बनत राहायची, म्हणजे लोकांनी ऐकलंच नाही ते आमच्याकडं जमा. आता जे हवेत तेच फाईलीत, ट्रान्समीटर गेला की नुसती खरखर येते आणि किती वाजता गेला ते मिनिटासकट कळते. दर तासाला नवीन फाईल, नावातच तारीख आणि वेळ. १२८ केबीपीएसला (हा रेकॉर्डिंगचा दर्जा) तासाचे ५८ एमबी होतात, आम्ही रोज ८ तास चालतो म्हणजे ९० दिवसांचे ४२ जीबीच्या आसपास, डिस्क अर्धीसुद्धा भरत नाही म्हणून आम्ही तीनच्या जागी सहा महिने ठेवून राहिलो. सरकारी जाहिरातीच्या बिलालाही हेच कामात येते, १० सेकंदाला ७४ रुपये मिळतात, स्पॉट किती वाजता वाजला हे विचारलं की फाईल काढून दाखवतो.

तक्रारी आहेत. दोन दिवसांत देतो म्हणून आठ दिवस लावले. बिल आधी साध्या कागदावर दिलं, संस्थेच्या ऑडिटला ते चालत नाही, पक्क्या बिलासाठी दोन चकरा झाल्या. यूपीएस २० मिनिटांच्या वर टिकत नाही आणि आमच्या इकडं लाईन गेली की तासतास येत नाही, म्हणून इन्व्हर्टर वेगळा जोडावा लागला. मे महिन्यात मशीन दोनदा गरम होऊन बंद पडली, ते तीन तास आमच्याकडं नाहीत, आम्ही रजिस्टरमध्ये कारणासकट लिहून ठेवले. पण दोन्ही वेळेस फोन केल्यावर पोरगा तासाभरात गाडीवर आला, पैसे घेतले नाहीत, दुसरा पंखा बसवून गेला.

पाचपैकी चार देतो. कोणाला असा बांधून घ्यायचा असेल तर सेल दरवर्षी बदला, रोज सकाळी पहिली लिंक (कार्यक्रमाआधीचं निवेदन) बोलणाऱ्यानं मशीनची तारीख मोबाईलशी जुळवून रजिस्टरमध्ये सही करायची अशी सवय लावा. आणि पंख्याची जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा, कापसाच्या सीझनमध्ये तर दर आठवड्याला, जिनिंगजवळ स्टेशन असलं तर रुई आत बसतेच.