संख्यांचे गुणधर्म सांगणारी ऑनलाइन सेवा: ४,२९,४९,६७,२९७ च्या कसोटीवर

कोणतीही पूर्ण संख्या दिली की तिचे मूळ अवयव, विभाजक, अंकांची बेरीज आणि ती कोणकोणत्या प्रकारांत मोडते हे क्षणात सांगणाऱ्या ज्या सेवा आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी एक विनामूल्य सेवा मी नियमितपणे वापरतो. अशा सेवेची खरी पारख लहान संख्यांवर होत नाही, म्हणून मी तिला ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या दिली. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी ती मूळ (१ आणि स्वतःखेरीज दुसरा विभाजक नसलेली) मानली होती. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून दिले.

उत्तर बिनचूक आले: ६४१ गुणिले ६७,००,४१७. विभाजक चारच, आणि ती संख्या स्वतः वगळता उरलेल्यांची बेरीज अवघी ६७,०१,०५९, म्हणजे संख्येपेक्षा कमी, भरत असल्याने प्रकार ‘न्यून’. अंकांची बेरीज ५९ असून तिने संख्येला भाग जात नाही, त्यामुळे द. रा. कापरेकर यांनी मांडलेल्या हर्षद संख्यांतही तिची गणना होत नाही. मला सर्वांत मोलाची वाटली ती दोन वर्गांच्या बेरजेची नोंद. ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग ही मांडणी उघडच आहे. पण सेवेने २०,४४९ आणि ६२,२६४ यांच्या वर्गांची बेरीजही दिली. मूळ संख्येची अशी मांडणी झालीच तर एकाच प्रकारे होते, त्यामुळे ही दुसरी जोडी मिळताच, एकही अवयव न शोधता, संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध होते.

खेद एवढाच, की हा संबंध सेवा कुठेही सांगत नाही. ६४१ कसा सापडतो हेही नाही: या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, म्हणून १९३, २५७, ४४९ आणि ५७७ तपासले की अशी पुढची मूळ संख्या ६४१ हीच येते. दोन ओळींत मावणारे हे स्पष्टीकरण द्यायला हवे होते.

३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्याही (जिच्या स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते) तिने अचूक ओळखली.

गंभीर आक्षेप मात्र फार मोठ्या संख्यांबाबत आहे. तिथे सेवा नुसते ‘मूळ’ असे लिहिते. ते सिद्ध झाले आहे की केवळ संभाव्य आहे, हे कळत नाही. २ हा पाया घेऊन केलेली फर्मा-चाचणी (तपासायच्या संख्येहून १ ने लहान एवढा २ चा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते का, हे पाहणे) ४,२९,४९,६७,२९७ ही संयुक्त संख्याही पार करते. त्यामुळे कोणती चाचणी वापरली हे निकालाशेजारी नोंदवले जाईपर्यंत शंभर अंकी संख्येचा या सेवेने दिलेला निर्वाळा मी पडताळल्याशिवाय वापरणार नाही.