मॉब सायको 100: दर रविवारी एक भाग, नऊ महिने

गेल्या जूनमध्ये माझा भाचा नववीसाठी आमच्याकडे राहायला आला. मुलगा गुणी, पण बोलायचा इतका कमी, की भाजी आवडली की नाही हे त्याच्या ताटावरूनच ओळखावं लागायचं. दुसऱ्या रविवारी रात्री मी म्हटलं, तुझ्या आवडीचं काहीतरी लाव, मी बसते. तो म्हणाला, "मावशी, तुला नाही आवडणार." आणि त्याने ‘मॉब सायको 100’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका लावली.

तेव्हाच ठरवलं, आठवड्याला एकच भाग. तीन सीझन, सदतीस भाग. सहामाही परीक्षेचा आणि नाताळच्या सुट्टीचा खंड धरून मार्चमध्ये शेवटचा भाग पाहिला. चार दिवसांत एका दमात संपवून लिहिलेले अभिप्राय पुष्कळ आहेत. हा नऊ महिने सोबत राहिलेल्या मालिकेबद्दलचा आहे, आणि माझ्या मते ही मालिका अशी सावकाशच बघावी.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिगेओ कागेयामा हा आठवीतला मुलगा. अभ्यासात बेताचा, पळण्यात मागे, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यात त्याहून मागे. पण मनाच्या जोरावर वस्तू हलवण्याची त्याची ताकद अफाट आहे. त्याला सगळे ‘मॉब’ म्हणतात. जपानी मांगाच्या, म्हणजे चित्रकथांच्या, बोलीत मॉब म्हणजे चित्राच्या मागच्या बाजूला गर्दी दिसावी म्हणून काढलेलं पात्र. आपल्या संगीत नाटकातला भालदार-चोपदार म्हणा. नायकाला असं नाव देण्यातच अर्धी गोष्ट सांगून झाली आहे.

मूळ मांगा वन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची, 2012 ते 2017 या काळात चाललेली. तिच्यावरची अ‍ॅनिमे, म्हणजे ही अ‍ॅनिमेशन मालिका, बोन्स स्टुडिओने केली. सीझन 2016, 2019 आणि 2022 मध्ये आले. म्हणजे आम्ही नऊ महिन्यांत पाहिलं ते जपानमधल्या प्रेक्षकांनी सहा वर्षांत पाहिलं.

मॉब भावना दाबून ठेवतो. लहानपणी एकदा त्याचा ताबा सुटला होता आणि धाकट्या भावाला, रित्सूला, दुखापत झाली होती. तेव्हापासून तो स्वतःलाच घाबरतो. आत काहीतरी साचत जातं आणि पडद्यावर आकडा चढतो: साठ टक्के, पंच्याऐंशी, नव्व्याण्णव. शंभरला स्फोट. त्या वेळी नेमकी कोणती भावना शंभरावर गेली, तेही लिहून येतं. मला वाटलं होतं, दरवेळी राग असणार. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात दुसरा एक शक्तिवान मुलगा, हानाझावा तेरुकी, त्याला मरणाच्या दारात नेतो, मॉब बेशुद्ध पडतो आणि शाळेच्या इमारतीची दैना होते. शुद्धीवर आल्यावर, आपण माणसावर शक्ती वापरली हे लक्षात येऊन तो रडतो. शंभर टक्के दुःख. आणि त्या दुःखात तो मोडलेली शाळा पुन्हा उभी करतो. तो भाग संपल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता माझ्या खऱ्या अडचणीबद्दल. मॉबचा गुरू आहे रेगेन अराताका. त्याच्या कचेरीचं नाव मराठीत सांगायचं तर ‘भुतं वगैरे सल्ला केंद्र’. मूळ जपानी नावातही तो ‘वगैरे’ अगदी असाच आहे. या माणसाकडे कणभरही शक्ती नाही. तो स्वयंपाकातलं मीठ भुतांवर उडवतो, खांद्यावर भूत बसलंय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची उत्तम मालिश करून देतो, फोटोतलं भूत संगणकावर पुसून देतो. खरंखुरं भूत समोर आलं की मॉबला फोन करतो. त्या बदल्यात मॉबला तासाला 300 येन आणि वर कधीतरी रामेनचा, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचा, वाडगा.

माझे वडील तीस वर्षं गावोगाव फिरून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत आले. हातातून अंगारा कसा काढतात, जळता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे मी प्राथमिक शाळेत असतानाच शिकले. 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो येण्यासाठी काय मोजावं लागलं हे आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. अशा घरातल्या बाईला एक भोंदू माणूस चौदा वर्षांच्या मुलाचा गुरू म्हणून दाखवला तर काय वाटेल? पहिले दोन महिने मला रेगेन सहन होत नव्हता. एका रविवारी मी भाच्याला स्पष्ट सांगितलं, हा माणूस मुलाला राबवून घेतो आणि लोकांना फसवतो, यात हसण्यासारखं काही नाही. तो इतकंच म्हणाला, "थांब ना थोडं."

थांबले. आणि हळूहळू लक्षात आलं, की मालिका रेगेनला माफ करायची घाई करत नाही. त्याचं खोटं ती प्रत्येक भागात उघड दाखवते. पण दुसरीही एक गोष्ट दाखवते. लहानगा मॉब पहिल्यांदा त्याच्या दारात आला, तेव्हा रेगेन धंद्याला कंटाळून कचेरी बंद करायच्या बेतात होता. त्याने पोराला थाप मारली, की मलाही शक्ती आहे. आणि त्या थापेच्या ओघात तो जे सांगून गेला ते मात्र खरं होतं: ही शक्ती म्हणजे सुरीसारखी आहे, माणसावर रोखायची नाही, कोणी वेगाने पळतो, कोणी गणितात हुशार असतो, तसंच हे, यामुळे तू इतरांपेक्षा मोठा होत नाहीस. घाबरलेल्या पोराला असं सांगणारं दुसरं कोणीही नव्हतं. पहिल्या सीझनच्या शेवटी तो मॉबला सांगतो, की असह्य होत असेल तर पळून जायला हरकत नाही. लढाईच्या ऐन मध्यावर, जिथे इतर मालिकांमधले गुरू ‘जिद्द सोडू नकोस’ म्हणतात, तिथे. आमच्या घरी हे वाक्य सहामाहीच्या वेळी फार उपयोगी पडलं. गणिताचा पेपर अवघड गेला त्या संध्याकाळी मी त्याला दुसऱ्या दिवसाचं पुस्तक उघडू दिलं नाही, नदीवर फिरायला घेऊन गेले.

दुसऱ्या सीझनचा सहावा आणि सातवा भाग नेमका दिवाळीत आला आणि वडील आमच्याकडे होते. त्या दिवशी नियम मोडून दोन्ही भाग सलग लावले. मॉबला शाळेत मित्र मिळायला लागलेत, तो एका संध्याकाळी कामावर येणार नाही म्हणतो आणि रेगेन त्याला लागेल असं बोलतो. मॉब येणं बंद करतो. एकटा पडलेला रेगेन धडपडत नावारूपाला येतो, टीव्हीवर पोचतो आणि तिथेच उघडा पडतो. सगळा देश त्याच्यावर तुटून पडतो. मग पत्रकार परिषद. वडील सोफ्यावरून पुढे सरकून बघत होते. बुवांना असं पत्रकारांसमोर उभं करायचं काम त्यांनी आयुष्यभर केलंय. रेगेन गप्प उभा आहे, आणि सुटकेसाठी काही सांगण्याऐवजी तो टीव्हीच्या पलीकडच्या मॉबला म्हणतो, की तू मोठा झालास. नंतर दोघं भेटतात. गुरूचं खरं रूप आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं मॉब सांगतो. त्याच्या लेखी ते खरं रूप म्हणजे, हा चांगला माणूस आहे.

मला रडू आलं. वडिलांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पैसे परत केले का त्याने लोकांचे?"

त्यावर माझा भाचा सलग दहा मिनिटं बोलला. मालिशचे पैसे हे कामाचे पैसे आहेत का, भूत नाही हे माहीत असूनही समोरच्याची भीती गेली तर ती फसवणूक किती, मॉबला 300 येन देणं चूक आहेच पण त्याला संध्याकाळी बसायला एक जागा मिळाली तिची किंमत कशी करायची. वडील एकेक मुद्दा खोडून काढत होते. फसवणूक ती फसवणूकच, या मतावरून ते हलले नाहीत, आणि माझंही मत तेच आहे. पण जून ते ऑक्टोबर मिळून तो पोरगा जितकं बोलला नव्हता तितकं त्या रात्री बोलला.

चित्रांबद्दल लिहायलाच हवं. वन यांचं मूळ चित्र ओबडधोबड असतं. योशिमिची कामेदा यांनी पात्रं घडवताना ती वेडीवाकडी रेघ गुळगुळीत केली नाही. युझुरु ताचिकावा यांच्या दिग्दर्शनात स्फोटाच्या क्षणी चित्राची जातच बदलते: कधी पेन्सिलीचे फराटे, कधी रंगांचे ओघळ. पहिल्या सीझनच्या शेवटच्या गाण्याचं काम मियो सातो यांनी काचेवर रंग पसरून केलंय. एक चित्र, त्याचा फोटो, मग तोच रंग सरकवून पुढचं चित्र; आधीचं कायमचं पुसलं जातं. भाचा हे गाणं कधीच पुढे ढकलू देत नसे. केन्जी कावाई यांचं संगीत कानात बसतं, आणि टक्के मोजत सुरू होणारं सुरुवातीचं गाणं माझ्या यजमानांनाही पाठ झालं, जे मालिकेचा एकही भाग बसून बघत नव्हते.

आम्ही जपानी आवाज ठेवून इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिली. तसंच बघा असं सांगेन, पण एक गंमत आहे. रित्सू मॉबला ‘नीसान’ म्हणतो, म्हणजे सरळ आपला दादा. मॉब रेगेनला ‘शिशो’ म्हणतो, तो आपला गुरुजी. इंग्रजी वाचताना हे नातं पातळ होतं. कानांनी ऐकून मनात मराठी केलं की बरोबर जागेवर बसतं. रेगेन मात्र इतका भरभर बोलतो, की वाचता वाचता चित्र निसटतं. त्याच्या दृश्यांना आम्ही बऱ्याचदा मागे गेलो.

खटकलं तेही सांगते. पहिल्या सीझनचा शेवटचा तृतीयांश, ‘क्लॉ’ या शक्तिवान खलनायकांच्या संघटनेच्या सातव्या शाखेच्या अड्ड्यावरचा, लांबलाय. एकामागून एक शक्तिवान येतो, आपली कला दाखवतो, हरतो. दुसऱ्या सीझनच्या अखेरीसही शहर इतक्या वेळा कोसळतं, की कोसळण्याचं काही वाटेनासं होतं. त्सुबोमी, मॉबला लहानपणापासून आवडणारी मुलगी, जिच्यासाठी तो हे सगळं करतो, ती शेवट येईपर्यंत जवळजवळ चित्रच राहते. मॉबच्या शाळेतल्या टेलिपथी क्लबची अध्यक्ष तोमे सोडली तर मुलींना पुरेशी जागा नाही. लखलखणारे प्रकाशही फार आहेत. डोळ्यांना किंवा मेंदूला त्याचा त्रास होणाऱ्यांनी जपून. आणि दुसऱ्या सीझनचा मोगामी या दुष्ट भुताचा भाग, ज्यात मॉब शक्तीशिवाय, मित्रांशिवाय, सहा महिने छळ सोसतो, तो लहान मुलांना दाखवू नका. शाळेत कोणी त्रास दिलेलं मूल असेल तर शेजारी बसूनच बघा.

तरी मला सर्वांत जास्त आठवतात त्या लढाया नाहीतच. शाळेत टेलिपथी क्लबला सदस्य कमी पडतायत, ते मॉबच्या मागे लागतात, आणि तो जातो व्यायामवाल्यांच्या क्लबात. कारण लहानपणी वस्तू तरंगवून दाखवल्या तरी त्सुबोमीला त्यात रस उरला नव्हता. ते धिप्पाड मुलगे त्याची टर उडवतील असं मला वाटलं होतं. ते त्याच्या बाजूने पळतात, ओरडून हुरूप देतात आणि तो चक्कर येऊन पडला की उचलून आणतात. पुढे मॅरेथॉनमध्ये पहिल्या दहात येण्यासाठी तो शक्ती न वापरता तयारी करतो. पहिल्या दहात येत नाही. कोसळतो. ते पळणं बघताना मी उभी होते.

आणि दुसऱ्या सीझनचा पहिलाच भाग. मैत्रिणींनी पैज लावली म्हणून एमी नावाची मुलगी मॉबसोबत फिरायला लागते. ती चोरून कादंबरी लिहिते. शेवटी मैत्रिणी तिचं हस्तलिखित तिच्यादेखत फाडतात, आणि मॉब कोणाला शिक्षा करत नाही, गुडघ्यावर बसून कपटे वेचायला लागतो. वाऱ्याने ते उडायला लागतात तेव्हा कुठे तो शक्ती वापरतो, पानं जोडण्यासाठी. एवढी ताकद असलेल्या मुलाने तिचा केलेला हा सगळ्यात सुंदर उपयोग.

घरात यातून उरलंय ते असं. ‘कसा होता दिवस’ हा प्रश्न मी विचारणं सोडून दिलं. मी विचारते, "किती टक्के?" तो दप्तर ठेवता ठेवता सांगतो, "चाळीस." एकदा फेब्रुवारीत म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी." मी कुकर बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. पुढचं आमच्या दोघांत राहू दे.

तिसऱ्या सीझनबद्दल जाणूनबुजून कमी लिहितेय. आकाशापर्यंत वाढलेली ब्रोकोली आहे, टेलिपथी क्लबची डोंगरावरची सहल आहे, आणि डिंपल या हिरव्या भुताचा सहावा भाग आहे, ज्यानंतर आम्ही त्या रात्री जेवायचं राहिलो. शेवटचे चार भाग पूर्णपणे मॉबचे आहेत, आतल्या आणि बाहेरच्या.

मार्चमध्ये संपली तेव्हा वडिलांचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्यांनी भाच्याला विचारलं, "त्या बुवाने त्या पोराला शेवटी स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलं का रे?"

"आजोबा, तुम्ही मे महिन्यात या," तो म्हणाला. "पहिल्या भागापासून लावू."