बो सीटची ‘ओशन अवेअरनेस’ स्पर्धा: किनाऱ्यावरच्या शाळांना कितपत उपयोगी?

‘बो सीट ओशन अवेअरनेस प्रोग्रॅम्स’ ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली संस्था. चित्रकार लिंडा कॅबट यांनी ती २०११ साली सुरू केली. तिची वार्षिक ‘ओशन अवेअरनेस कॉन्टेस्ट’ जगभरातल्या ११ ते १८ वयाच्या मुलांना खुली असते. ११ ते १४ हा कनिष्ठ गट, १५ ते १८ हा वरिष्ठ. फी नाही, मूळ चित्र टपालाने पाठवायचं नाही, आणि चित्राखेरीज लेखन, चित्रफीत, संगीत-नृत्य अशीही दालनं आहेत. बक्षिसं रोख असतात.

आम्हाला या स्पर्धेत सर्वांत मोलाचं वाटतं ते चित्रासोबत द्यावं लागणारं मुलाचं मनोगत. आपल्याकडच्या बहुतेक ‘समुद्र वाचवा’ स्पर्धांमध्ये तासाभरात चित्र काढून द्यायचं असतं. मग रडणारी पृथ्वी, पिशवी गिळणारं कासव आणि दोन तळहात, हेच शंभर कागदांवर उमटतं. इथे हे का काढलं, त्यातून काय कळलं, ते लिहावं लागतं, म्हणून आधी पाहावं लागतं. विषयही दरवर्षी बदलतो: २०१६ साली समुद्राचं प्रदूषण होतं, २०२१ साली वाढणारं पाणी, २०२४ साली स्वतःची हवामानकथा.

तरी मुलं इंटरनेटवरचं प्रवाळ आणि डॉल्फिन काढतातच. एक तर तो फोटो दुसऱ्या कुणाचा असतो, त्यामुळे हुबेहूब नक्कल केली तर प्रवेशिका बाद होऊ शकते. दुसरं म्हणजे मनोगतात लिहायला काही उरत नाही. त्यापेक्षा ओहोटीला तिवरांच्या कडेला वही घेऊन बसवा. पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून सरळ वर आलेली श्वसनमुळं, त्यांच्यामधून सरपटणारी निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा), तिचे डोक्यावर आलेले डोळे आणि हातासारखे टेकवलेले पुढचे पर. दहा झटपट रेखाटनं झाली की मूल आपणहून विचारतं की ही पाण्याबाहेर श्वास कसा घेते. तिची कातडी ओली राहायला हवी, म्हणून चिखल हवा, म्हणून भराव नको, इथवर ते स्वतः पोचतं. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. बारीक आसाच्या (म्हणजे लहान भोकांच्या) जाळ्यात येणारी त्याची पिल्लं हाही उत्तम विषय.

किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकचं शिल्प करायचं असेल तर घाई करू नका. जाळ्यांचे तुकडे, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), झाकणं गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, घासा, पुन्हा धुऊन दोन दिवस वाळवा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल धरतं आणि रंग सुटतो. झाकणं आणि दोर बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांना फेव्हिकॉल धरत नाही, ॲक्रिलिकचे पापुद्रे निघतात. भोकं पाडून तारेने किंवा जाळ्याच्याच दोऱ्याने बांधा, रंग मूळचेच राहू द्या. ग्लू गनचा गरम गोंद मे महिन्याच्या उन्हात मऊ पडतो. थर्माकोल कापू नका, त्याचे दाणे उडून परत समुद्रातच जातात. गोळा करताना हातमोजे हवेतच, सुया-काचा मोठ्यांनी उचलाव्या. शंखशिंपल्यांना हात लावू नये. काही जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि रिकाम्या शंखात खेकडा राहत असू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेवटच्या टप्प्यात, फोटो काढताना. परीक्षक पाहतात तो फोटोच. जलरंगाला ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद घ्या आणि चारही कडा पाटाला टेपने चिकटवा, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत कागद फुगतो आणि फोटोत सावल्या येतात. चित्र भिंतीवर सरळ लावा, उघड्या सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल चित्राच्या बरोबर मध्यावर. तेलखडू तिरप्या उजेडात चमकतो. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दाबला जातो आणि बारीक रेषा पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आता उणिवा. फॉर्म आणि नियमावली इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला इथेच दडपण येतं. मनोगत आधी मराठीत पूर्ण लिहून घ्या, मग शिक्षकांनी इंग्रजी करताना वाक्यं त्याचीच ठेवावी. मोठ्यांनी सजवलेलं मनोगत लगेच ओळखू येतं. प्रवेशिकेला एक प्रौढ मार्गदर्शकही लागतो. मुदत साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, म्हणजे आपल्या शाळा उघडण्याच्या तोंडावर. सुट्टीवर भिस्त ठेवली तर शिक्षक गावी, मूल मामाकडे आणि अर्ज अर्धवट. जानेवारीत रेखाटनं, फेब्रुवारीत पक्कं चित्र आणि परीक्षा संपताच अर्ज, असा क्रम धरा. शिवाय चौथीतलं मूल वयात बसत नाही, आणि समुद्राची ओढ लागायचं वय तर तेच.

आणखी एक गोष्ट खटकते. चित्र जगभर दिसू शकतं, पण ज्या बंदरावर बघून काढलं तिथल्या लोकांना दिसत नाही. ही सोय शाळेनेच करावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला असतात, कोळी बांधव घरी असतात. शाळा उघडताच मूळ चित्रं मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात टांगा, मनोगताची मराठी प्रत खाली लावा आणि आसाचा, पिल्लांचा प्रश्न मुलांनाच विचारू द्या. एवढी तयारी असेल तर स्पर्धेत जरूर उतरा. नुसत्या प्रमाणपत्रासाठी उतरायचं असेल तर मुलांच्या सुट्टीला हात लावू नका.