जुना यूएसबी प्रिंटर शेअर करायचा की लॅनचा नवा घ्यायचा?

चार-पाच कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकच, अशा ऑफिसात नवीन खरेदी करायचीच असेल तर माझं मत पक्कं आहे: लॅन पोर्टचा, म्हणजे केबलने थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडता येणारा घ्या. खरा प्रश्न पडतो तो जुना प्रिंटर धडधाकट असताना.

कर सल्लागार, वकील, डीटीपीवाले यांच्या टेबलावर अजूनही एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० दिसतो. दोन्ही फक्त यूएसबीचे. टोनर रिफिल करणारा सहज सापडतो, मशीन वर्षानुवर्षं चालतं. ते भंगारात घाला असं मी सांगणार नाही. विंडोजमधून शेअर करायला पैसेही लागत नाहीत. मात्र ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय तो दिवसभर चालू हवा, स्लीपमध्येही जाता कामा नये. अकाउंटंट रजेवर, त्याचा पीसी बंद, समोर क्लायंट पोचपावतीसाठी थांबलेला, असं महिन्यातून दोनदा झालं तरी फुकटचं शेअरिंग महागात पडतं.

दुसरी डोकेदुखी विंडोजच्या अपडेटची. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षेची त्रुटी गाजली आणि मायक्रोसॉफ्टने नियम आवळले. त्या ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (पीसीवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला ॲडमिनचे अधिकार लागतात. सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर ‘११बी’वर संपणारा एरर कित्येक ऑफिसांत आला. अनेकांनी सरळ अपडेटच काढून टाकलं. कृपा करून तसं करू नका, त्या पीसीवर तुमच्या क्लायंटची कागदपत्रं आहेत. आधी सगळे पीसी अपडेट करा, ड्रायव्हर प्रत्येकावर स्वतंत्र टाका आणि शेअरिंगसाठी पासवर्ड असलेला वेगळा युजर बनवा. पासवर्डशिवाय शेअरिंगचे दिवस गेले.

मधला मार्ग म्हणून दुकानदार प्रिंट सर्व्हरचा, म्हणजे यूएसबी प्रिंटर थेट नेटवर्कला जोडणारा छोटा डबा दाखवतो. या दोन मॉडेलांसाठी तो घेऊ नका. १०२० सुरू झाला की दर वेळी पीसीवरचा ड्रायव्हर त्यात फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरतो, साधा डबा ते करत नाही. कॅननच्या ड्रायव्हरला प्रिंटरकडून सतत उलट उत्तर लागतं, तिथेही हे डबे अडतात.

लॅनचा प्रिंटर कोणत्याही पीसीवर अवलंबून नसतो. केबल १०० मीटरपर्यंत नेता येते, त्यामुळे तो सगळ्यांना सोयीच्या कोपऱ्यात ठेवता येतो. बसवताना राउटरमध्ये त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता राखून ठेवायला मात्र विसरू नका. नाहीतर लाइट जाऊन आली की राउटर नवा आयपी देऊ शकतो, पीसी जुन्याच पत्त्यावर कामं पाठवत बसतात आणि स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ येतं. विंडोज बऱ्याचदा आपणहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधून जोडण्याची पद्धत) पोर्ट जोडते. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट निवडून तोच आयपी टाका.

वायफाय तेव्हाच, जेव्हा वायर ओढणं शक्यच नसेल. बरेच स्वस्त प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात, आणि गजबजलेल्या इमारतीत तिथे गर्दी असते.

म्हणजे जुना यूएसबी प्रिंटर चांगला असेल आणि एक पीसी रोज सकाळी हमखास चालू होत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे नीट शेअर करून वापरा. तो पीसी मालकाचा लॅपटॉप असेल आणि संध्याकाळी घरी जात असेल, तर लॅनचाच घ्या. घेताना मॉडेलच्या नावातला ‘एन’ बहुधा नेटवर्कचा, ‘डब्ल्यू’ वायफायचा आणि ‘डी’ दोन्ही बाजूंच्या छपाईचा असतो. तरी पैसे देण्याआधी प्रिंटर फिरवून मागे लॅनचं पोर्ट आहे ना, ते बघून घ्या.