‘मरीन’ इंजिन म्हणून मला जे विकलं गेलं

एकूण 2,09,500 रुपये. इंजिनाचे 1,65,000, गिअरबॉक्सचे वेगळे 38,000, टेंपोभाडं 6,500. आकडा आधीच सांगतो, नाहीतर वाचता वाचता ‘थोडक्यात निभावलं’ म्हणाल.

बोट मी स्वतः बांधलेली, प्लायवूड आणि इपॉक्सीची. ती पुन्हा उघडून कुजलेला ट्रान्सम (बोटीची मागची फळी) बदलला, फ्रेमा बदलल्या, तळावर नव्याने फायबरग्लास चढवली. इंजिन तेवढं राहिलं होतं आणि हंगाम सरत चालला होता. घाईतलं गिऱ्हाईक जुनी इंजिनं विकणाऱ्या या लोकांना फोनवरच्या आवाजावरून कळतं.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. विकणारा म्हणाला, आणखी दोन पार्ट्या येताहेत, आज टोकन टाका. टाकले 20,000. तेही ‘मेहुण्याच्या’ खात्यावर. ज्याच्याशी बोलतोय त्याच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच फोन ठेवा.

आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते. शेडमध्ये गेलो, इंजिनावर हात ठेवला, तर ते गरम. विचारलं तर म्हणतो, “साहेब, तुम्ही लांबून येणार, तुमचा खोळंबा नको म्हणून आधीच चालू करून ठेवलं.” आणि मला चक्क बरं वाटलं! माणूस किती अगत्याचा! जुनं डिझेल तपासायचं तर थंडगार असताना, हे मला पक्कं माहीत होतं. रिंगा झिजलेल्या, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेलेलं इंजिन थंड असताना रडतं, पांढरा धूर ओकतं. एकदा तापलं की अर्ध्या सेल्फला उठतं. खिडकीत ईथरच्या स्प्रेचा डबाही होता, न उठणारं इंजिन उठवायला मारतात तो. तोही पाहिला होता मी.

इंजिन गरम असेल तर सरळ सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नका. त्याने आढेवेढे घेतले की उत्तर मिळालं.

पण मी डोळे मिटून पैसे दिले असंही नाही. डिपस्टिक काढून पाहिली, तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी नव्हतं. (सकाळीच बदललेलं असणार. दोन वर्षं उभ्या इंजिनात मधासारखं स्वच्छ तेल कुठून येतं?) निळा धूर नव्हता. हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने इंजिन थंड ठेवणारा भाग) बसवलेला, एक्झॉस्टमधून पाणी पडत होतं. मीटरवर 1,140 तास. तपासायला आलेला माणूस याहून जास्त काय करतो? इंजिन उघडून बसतो?

पाणी पडत होतं ते गोड्या पाण्याच्या ड्रममधून, आणि इंजिनावर लोड शून्य. असं दहा मिनिटं कुठलंही इंजिन गोडच वाजतं. प्रोपेलर लावून मोकळ्या पाण्यात 2,400 आरपीएमला नेलं तेव्हा तापमानाचा काटा 105 च्या पुढे गेला. अलार्म, वाफ, बंद. ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती. नांगर धरला म्हणून वाचलो, आणि एका मच्छीमार होडीने ओढून आणलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम लिहितो.

मेकॅनिकने उघडलं. एक्स्चेंजरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. इंजिन मूळचं गाडीचं, आणि कुणीतरी वर्षानुवर्षं थेट खारं पाणी ब्लॉकमधून फिरवलेलं. आतून वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली पाण्याची पोकळी) खाल्लेलं, कोअर प्लगशेजारचं (ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या बुचाशेजारचं) भोक पुट्टीने बुजवून वर रंग. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरांत 390 पीएसआय, चौथ्यात नुसतं 240. नंबरची पट्टी नव्या रिव्हेटांनी बसवलेली आणि तिच्याखालचा नंबर घासलेला. जुन्या इंजिनावर नव्या रंगासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. गिअरबॉक्स ‘मागाहून पाठवतो’ म्हणाला होता, तो आलाच नाही. अलार्म वाजला त्या दिवशी जुनाच गिअरबॉक्स लावलेला होता.

मग पोलीस. “इंजिन मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” गिअरबॉक्स मिळाला नाही म्हटलं, तर शेड आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेलो, तर पैसे तुमच्या घरून पाठवले ना, मग तिकडे जा. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर त्याचं दुकान कुठे, बिल कुठे? बिल नाही, ‘एस्टिमेट’ लिहिलेला चिटोरा आहे. आणि बोटीच्या नोंदणीसाठी गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी घासलेला नंबर पाहिला आणि मलाच विचारलं, इंजिन आणलंत कुठून? इतक्या कचेऱ्यांत मिळून खरी चौकशी झाली ती एवढीच, आणि तीही माझी! लुटलेल्या माणसाने पुरावे गोळा करायचे, हद्द शोधायची, वर संशयितासारखं उभंही राहायचं. विकणारा मात्र रोज व्हॉट्सअॅपवर ‘ऑनलाइन’.

तोंडी सांगत बसू नका. लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. माझ्याकडे पहिल्या दोन खेपांची पोच नाही, म्हणून त्या झाल्याच नाहीत असं समजतात.

शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. 35 रुपये किलो ठरले. वजनाआधी त्याने खिशातून एक चुंबक काढून ब्लॉकवरून फिरवला. कोअर प्लगशेजारी तो चिकटेना. “साहेब, इथे लोखंडच नाही,” म्हणाला, आणि भाव 33 वर आणला. 260 किलो भरलं. 8,580 रुपये.