नौपाड्यातील इजिप्शियन दालन : दिवे घ्यावेत, फलक टाळावेत

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीतील गृहसजावटीच्या दुकानाने प्राचीन इजिप्तवर बेतलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र दालन राखले आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामून याची कबर सापडली आणि दागिन्यांपासून सिनेमागृहांपर्यंत सगळीकडे कमळे, सूर्यबिंबे व पंख पसरलेले ससाणे दिसू लागले. ते वेड शंभर वर्षांनंतरही ओसरलेले नाही, हे येथील गर्दीवरून कळते.

सर्वांत सरस वस्तू म्हणजे पितळी टेबल लॅम्प. पायऱ्यापायऱ्यांची बैठक आणि तीवर उमलत्या कमळाच्या घाटाची शेड, ही घडण मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती निरखणाऱ्यांना ओळखीची वाटेल, कारण त्या शैलीने इजिप्तकडून बरेच काही उचलले होते. पाकळ्यांचे सांधे बोटाला जाणवत नाहीत आणि वायर मागच्या खाचेतून काढल्याने दिवा भिंतीला टेकवून ठेवता येतो. ४,२०० रुपये ही किंमत मला वाजवी वाटली.

निळे स्कॅरब, म्हणजे आपले शेणकिडेच, पेपरवेट म्हणून ठेवले आहेत. प्राचीन कारागीर क्वार्ट्झच्या पुडीपासून असे किडे घडवून तांब्याच्या साहाय्याने त्यांवर हा रंग आणत. येथील किडे साध्या सिरॅमिकचे असले, तरी पंखांच्या खाचांत साचून गडद झालेले ग्लेझ देखणे आहे. मूळ स्कॅरबच्या सपाट तळावर बहुधा नाव किंवा चिन्हे कोरलेली असत. येथे त्या जागी किमतीचे स्टिकर आहे आणि ते निघता निघत नाही.

भिंतीवरच्या फलकांनी मात्र निराशा केली. इजिप्तच्या चित्रलिपीत माणसे व पशुपक्षी ओळीच्या आरंभाकडे तोंड करून असतात, म्हणजे वाचन त्यांच्या तोंडाच्या बाजूने सुरू होते. या फलकांवर एकाच ओळीतील निम्मी घुबडे उजवीकडे पाहतात, निम्मी डावीकडे, आणि राजाच्या नावासाठी असलेल्या लंबगोल चौकटीत हाताला लागतील ती चिन्हे कोंबली आहेत. फ्रेंच अभ्यासक शाँपोलियाँने १८२२ मध्ये ही लिपी उलगडल्यावरही तिला नुसती वेलबुट्टी समजणे खटकते. देवनागरी अक्षरे उलटसुलट छापलेला पडदा आपण आपल्या दिवाणखान्यात लावला असता का?

इजिप्तची राणी नेफर्टिटी हिच्या अर्धपुतळ्याखाली ‘हुबेहूब प्रतिकृती’ अशी पाटी आहे. बर्लिनमधील मूळ शिल्पाच्या डाव्या डोळ्यात बुबुळ नाही. येथे दोन्ही डोळे रंगवले आहेत. ते एक वेळ चालेल, पण मुकुटावरचा चकचकीत ऑइलपेंट रेझिनचा स्वस्तपणा लपवण्याऐवजी उघडा पाडतो.

विक्रेते अदबीने बोलतात, पॅकिंगही चोख करतात. वस्तू घरपोच मिळते. वाटेत फुटल्यास बदलून देण्याचे आश्वासन तोंडी दिले जाते, ते पावतीवर लिहून घ्यावे.