₹349 च्या टेबलावर ₹869 चा जादा आकार

एका घडीच्या टेबलापायी माझे ₹1,129 गेले. रक्कम फार मोठी नाही हे मला घरच्यांनी पुरेसं ऐकवलंय. पण ज्या पद्धतीने ते काढून घेतले, त्याचा संताप अजून जात नाही.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पलंगावर बसून जेवता यावं, पेपर वाचता यावा म्हणून टेबल हवं होतं. मोबाइलवर जाहिरात आली: ₹1,499 वर काट मारलेली आणि खाली ₹349. त्याखाली बारीक अक्षरात ‘शिपिंग चेकआउटच्या वेळी’. असं तर सगळेच लिहितात, आणि साधारण किती लागतं ते आपल्याला ठाऊक असतं. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर भरत गेले. वर ‘ऑफर संपायला इतकी मिनिटं’ म्हणून उलटं घड्याळ पळतच होतं. पैसे भरायच्या पानावर बटणावर नुसतं ‘पेमेंट करा’. रक्कम होती ‘ऑर्डरचा तपशील’ या ओळीशेजारच्या बाणामागे दडवलेली. बाण दाबला तरच उघडणार: शिपिंग ₹640, हँडलिंग ₹170, आणि ‘पार्सल सुरक्षा’ ₹59. या शेवटच्या चौकटीत टिक त्यांनीच आधी करून ठेवलेली. एकूण ₹1,218.

मला सगळ्यात जास्त लागतं ते यापुढचं. बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती. स्पष्ट, ₹1,218. पण हल्ली मेसेज उघडावाच लागत नाही, फोन ओटीपी स्वतःच उचलून चौकटीत भरतो. वर दोन सेकंद पट्टी सरकली आणि गेली. तिकडे सासरे हाका मारत होते, इकडे घड्याळ पळत होतं. अशा वेळी कोण थांबून मेसेज वाचतं? माणूस थांबणार नाही याचा हिशेब करूनच ते पान बनवलेलं होतं.

टेबल आलं ते एका पायाची बिजागरी तडकलेली. खोक्यावर छापील किंमत ₹399, सर्व करांसहित. म्हणजे काट मारलेले ₹1,499 ही थापच. परत करायला गेले तर कुरियर माझ्याच खर्चाने. तेच खोकं, तेच वजन, त्याच पत्त्यावर परत. काउंटरवर मला ₹260 पडले. माझ्यासारख्या एकट्या गिऱ्हाइकाला जे ₹260 मध्ये जातं, त्याचे रोज पार्सलं पाठवणाऱ्याने ₹640 लावले, वर हँडलिंग वेगळं! आणि परतावा किती? ₹349. ‘शिपिंग व हँडलिंग परत मिळत नाही.’ खरी मेख इथे आहे. किंमत कमी दाखवली की ‘स्वस्त ते महाग’ यादीत माल वर दिसतो, आणि माल परत आला तरी मोठी रक्कम त्यांच्याच खिशात राहते.

मग सुरू झाली फरफट. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच दिलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. पोलीस चौकीत म्हणाले, वस्तू आली ना? मग फसवणूक कसली, ग्राहक कोर्टात जा. एकाने तर ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ असंही विचारलं. ग्राहक तक्रारींच्या एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला, तिथून तो कंपनीकडे गेला. कंपनीने अटींचा तोच परिच्छेद चिकटवला, आणि ‘कंपनीने उत्तर दिले’ असा शेरा मारून तक्रार बंद! उत्तर काय दिलं हे वाचायचं काम कोणाचं? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच शब्दावर ती मिटवायची, तर मधे बसलेल्यांनी नेमकं केलं काय? मोठी रक्कम बुडाली की धावपळ करतात. पण दर गिऱ्हाइकामागे आठशे-नऊशे काढणारा हजारो लोकांना लुटून मोकळा, कारण कोणाही एकाची तक्रार कोणाला मोठी वाटत नाही.

आणि कायदा नाही असं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत एका आकड्यात दाखवून डिलिव्हरी, हँडलिंग, कर यांची फोड द्यावी लागते. आधीच टिक केलेली चौकट संमती धरता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या पानाच्या मांडणीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्यांवर बंदी आहे. किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं आणि न मागता टोपलीत काही टाकणं, दोन्ही त्यात आहेत. मी हे अर्जात लिहिलं होतं. कोणी वाचलं असेल तर शपथ.

ओटीपी आपोआप भरू देऊ नका, मेसेज उघडून रक्कम वाचा. पिनकोड टाकल्यावरही शिपिंगचा आकडा दिसत नसेल तर पान बंद करा. परताव्याच्या अटीत ‘फक्त वस्तूची किंमत’ असेल तर हात लावू नका. पैसे भरण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, नंतर ते पान मिळत नाही. माझ्याकडे नव्हता, तेवढ्यावरच मला परत पाठवलं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर तिचा क्रमांक लिहून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ‘एवढ्याशा रकमेसाठी’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. माझे कागद मी तिथे दाखल करतेय.

ते टेबल अजून विक्रीला आहे. आता किंमत ₹299 केलीय, आणि शिपिंग ₹690.